लेकरानं खाडा केला, तास वाया गेला. शिकवणाऱ्याचे पैसे धरायचे की नाही?

गणिताची_वही (सेलू) | रविवार, रात्री 9.50

नमस्कार मंडळी. मी आठवी ते दहावीचं गणित ऑनलाइन शिकवते, चार वर्षं झाली. निम्मी लेकरं एका कंपनीच्या अ‍ॅपवरून येतात, निम्मी माझी स्वतःची, सेलू, मानवत, पाथरीकडची. आज विचारायचंय ते पैशाबद्दल. शिकवणाऱ्या माणसाला हे बोलायला जड जातं, म्हणून वर्षभर नुसतं वहीत लिहीत राहिले.

डिसेंबरचा हिशोब जसा आहे तसा उतरवते. अ‍ॅपवरचे 60 तास ठरले होते, झाले 47. तेरा खाडे. त्यातल्या पाच वेळा आदल्या दिवशीच निरोप आला होता. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, तो वेळ मला दुसऱ्या कामाला लावता येतो. तीन वेळा तासाला अर्धा तास उरला असताना "आज नको" आलं. चार वेळा निरोपच नाही. आणि एकदा आमचीच लाईट गेली, इन्व्हर्टरही उतरलेला होता. तो खाडा माझा, तो मी मागत नाही. तासाचे मला 250 मिळतात. म्हणजे वाद आहे तो सात तासांचा, 1750 रुपयांचा. आमच्या घरी एवढ्यात नेटचं बिल आणि दोन्ही लेकरांच्या शाळेची रिक्षा भागते.

रिकामा तास कसा असतो ते सांगते, कारण "घरीच तर बसून होता ना" असं मला तोंडावर म्हटलं गेलंय. न्यू जर्सीतला एक मुलगा आहे. त्याचा तास आपल्याकडं पहाटे साडेपाचला, त्यांच्याकडं तेव्हा संध्याकाळचे सात. मी पावणेपाचला उठते. परभणीच्या कृषी विद्यापीठातला पारा थंडीत पेपरात वाचता ना, ती थंडी. फरशीवर पाय ठेववत नाही. आधी राऊटरचा हिरवा दिवा बघायचा, मग गॅसकडं. आदल्या तासाला अडलेलं उदाहरण पेन टॅब्लेटवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचं. 5.28 ला मीटिंग उघडायची. पडद्यावर एकच चौकोन, त्यात मी. 5.35 होतात. 5.40 होतात. पंधरा मिनिटं थांबलंच पाहिजे असा अ‍ॅपचा नियम आहे, त्याआधी बाहेर पडलं तर खाडा शिक्षकाच्या नावावर चढतो. 5.45 ला "विद्यार्थी अनुपस्थित" असा शेरा येतो आणि त्यापुढं मानधन शून्य. त्यानंतर झोप लागत नाही, आणि त्या वेळेला दुसरं लेकरू कुठून सापडणार?

खरंच विचारते. वाजवी काय? पूर्ण पैसे, निम्मे, की काहीच नाही? पालकही लिहा, शिकवणारेही लिहा.

ट्यूशन_एरिया (लातूर) | रविवार, रात्री 10.25

मॅडम, लातूरला दहा वर्षं फिजिक्स शिकवलं, आता दोन वर्षं घरूनच. क्लासमध्ये हा प्रश्न कधी उठलाच नाही. वर्षाची फी आगाऊ, हप्ते पाडून का होईना. मोठ्या बॅचमध्ये एक पोरगा आला नाही तर बाक मोकळा राहतो, तास होतोच. तुमच्या शिकवणीत एक आला नाही की अख्खा वर्गच गेला. त्यामुळं क्लासचा नियम इथं लागू पडत नाही. पण कंपन्या दोन्हीकडचं सोयीचं तेवढं उचलतात. पालकाकडून क्लाससारखे आगाऊ घ्यायचे आणि शिक्षकाला रोजंदारासारखे तासावर द्यायचे.

त्याआधी मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर होतो. ज्यांनी ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. दिवाळी आली, तास नाही, पैसे नाहीत. परीक्षा लागल्या, तास नाही, पैसे नाहीत. निवडणुकीला इमारत घेतली, तास नाही. सुट्टी कुणीही घेवो, कापले जायचे माझे पैसे. तेच दुखणं आता घरात आलंय. माझं मत स्पष्ट आहे, पूर्ण पैसे.

पालक_वाळूज (छत्रपती संभाजीनगर) | रविवार, रात्री 11.10

मी पालक म्हणून लिहितो. मुलगी नववीला. मी वाळूजला कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलते. आत जाताना फोन लॉकरमध्ये जमा करावा लागतो. नोव्हेंबरात मुलीला रात्रीतून ताप भरला. तास सकाळी सातचा, मी सहाला गेटच्या आत. बायकोच्या फोनवर अ‍ॅप नाही. निरोप द्यायचा कुणी? खाडा दरवेळी बेफिकिरीतून होत नाही, एवढं शिकवणाऱ्यांनी समजून घ्यावं.

पण मॅडम, तुमचं वाचून मला एक गोष्ट कळेना. आम्हीही अशाच एका अ‍ॅपवर 24 तासांचं पॅकेज घेतलंय. त्या दिवशीचा तास अ‍ॅपनं कापला, 24 चे 23 झाले. मी तक्रार केली तर उत्तर आलं की शिक्षक वेळेवर हजर होते, त्यांचा वेळ गेला, म्हणून तास धरला जाईल. मला ते पटलं, मी गप्प बसलो. आमच्याकडून पैसे गेलेत. तुम्हाला मिळत नसतील तर ते राहतात कुणाकडं?

गणिताची_वही | रविवार, रात्री 11.32

दादा, हे मला माहीतच नव्हतं. पालकांच्या बाजूचं अ‍ॅप आम्हाला दिसत नाही. उद्या माझ्याच एका पालकांना विचारते. वर्षभर मी मनातल्या मनात त्या आयांना बोल लावत आले.

औरंगपुरा_मेस (छत्रपती संभाजीनगर) | सोमवार, दुपारी 3.05

शिकवणीतलं मला कळत नाही, पण खाडा हा शब्द दिसला म्हणून थांबले. मी एकवीस वर्षं पोरांची मेस चालवते. पहिल्या दोन वर्षांत खाड्यापायी रडकुंडीला आले होते. पोरं जेवायला आली नाहीत की महिनाअखेरीला म्हणायची, काकू, माझे आठ खाडे, तेवढे कापा. माझं तर जेवण करून झालेलं असायचं, ते गाईला जायचं.

मग नियम केला आणि दारावर चिकटवला. संध्याकाळच्या ताटाचा खाडा सकाळी दहाच्या आत सांगायचा. सलग तीन दिवस गावी जाणार असाल तर वजावट मिळेल, सुट्या एक-दोन ताटांची मिळणार नाही. दहानंतर सांगितलं तर ताट धरलं जाईल, कारण बाजार झालेला असतो आणि कणीक मळायला घेतलेली असते. महिन्याभरात सगळ्यांना सवय लागली. एकही पोरगा नियमावरून भांडला नाही. भांडणं व्हायची ती नियम नव्हता तेव्हा.

ताई, तुमची कणीक किती वाजता मळली जाते ते ठरवा. तुम्ही उदाहरणं काढून ठेवता, ती कधी काढता? आदल्या रात्री काढत असाल तर आदल्या रात्रीची वेळ धरा. त्यानंतरचा खाडा तुमचा नाही. आणि पोराला बरं नसेल तर मी आजही डबा खोलीवर पाठवते. तो नियमात लिहिलेला नाही, पण पाठवते.

बालाघाट (धारूर, जि. बीड) | सोमवार, रात्री 8.40

ताई, लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या. आमच्या भागातून उसाला टोळ्या निघतेत, नवरा-बायको कोयता घेऊन, कोल्हापूर-सांगलीकडं न्हाईतर कर्नाटकात. उचल घेतलेली असती, मुकादम गाडी लावील त्या दिवशी निघावंच लागतंय. माझा भाऊ-भावजय तिकडंच हायेत. पुतण्या दहावीला, त्याला आम्ही आजीपाशी ठिवून घेतलं. ऑनलाइन शिकवणी लावली गणिताची. पण घरात मोठा फोन एकच, तो माझ्यापाशी. रातच्या लाईटीचा आठवडा असला की मी मोटर चालू कराया रानात, फोन माझ्या खिशात. पोरगं घरी वही उघडून बसलेलं. त्याचे चार खाडे लागले. सरांनी पैसे पूर्ण घेतले. आमच्याकडं पैसा येतो एकदाच, सोयाबीन गेल्यावर. त्या पोरानं काय चूक केली सांगा.

आन दुसरी बाजू बी सांगतो, लबाडी करीत न्हाई. खुरपायला बाया सांगितल्या, बाया आल्या आन नऊ वाजता पाऊस लागला, तर आमच्या गावात अर्धी हजेरी देतेत. पाऊस काय बाईनं पाडला न्हाई, आन मालकानं बी पाडला न्हाई. पण मालकानं सांगून ठिवलं आन सकाळी बांधावर आल्यावर म्हणला आज नको, तर तिचा रोज पूर्ण द्यावा लागतोय. तिचं दुसरीकडचं काम बुडालं ना. आमच्यात सालगडी असतो, त्याचं साल पाडव्याला ठरतं, त्याला पाऊस-ऊन काही न्हाई, सालाचे पैसे ठरलेले. रोजानं येणाऱ्याचं निराळं. तुम्ही ताई सालगडी बी न्हाई आन रोजानं बी न्हाई, मधीच लोंबकाळायलात.

ट्यूशन_एरिया | सोमवार, रात्री 9.15

बालाघाट भाऊ, मी वर पूर्ण पैसे म्हणालो होतो. तुमच्या पुतण्याचं वाचून तो शब्द जरा मागं घेतो. पाऊस असेल तर अर्धी हजेरी, हे मला पटलं. लाईट, रेंज, दवाखाना, घरात मयत, हा सगळा पाऊसच आहे.

एक भर घालतो. आमच्याकडं येळवस असते. त्या दिवशी लातूर जिल्ह्यात घरात माणूस सापडत नाही, सगळे रानात, भज्जी आणि अंबील खायला. पुण्या-मुंबईच्या कंपनीच्या कॅलेंडरात ती तारीख नसते. 17 सप्टेंबरला आपल्याकडं मुक्तिसंग्राम दिन, शाळेत झेंडावंदन. तीही नसते. महालक्ष्म्यांचे तीन दिवस घरातल्या पोरी तासाला बसूच शकत नाहीत. हे खाडे सहा महिने आधी माहीत असतात. जूनमध्ये बसून हे दिवस मुळातच तासांतून वगळले तर निम्मी कटकट मिटते. मी माझ्या पोरांसाठी तसंच करतो.

विधिज्ञ_नांदेड (नांदेड) | मंगळवार, सकाळी 7.50

कायद्याचं थोडं सांगतो, कारण इथं जे गावातल्या रिवाजातून आलंय तेच बरंचसं कागदावरही आहे.

भारतीय करार कायदा 1872 चा. त्याचं कलम 53 असं की, दोघांनी एकमेकांना शब्द दिलेला असताना एक जण काम करायला तयार आहे आणि दुसऱ्यामुळंच ते होत नाही, तर तयार असलेल्याला तो करार मोडता येतो आणि झालेलं नुकसान मागता येतं. कायद्यातच उदाहरण दिलंय 1000 रुपयांच्या कामाचं. करणारा तयार, करवून घेणाऱ्यानंच अडवलं. पहाटे साडेपाचला मीटिंग उघडून बसलेली बाई म्हणजे तयार असलेली बाजू. कलम 74 पुढचं सांगतं. ठरलेलं मोडलं तर किती द्यायचं हे दोघांनी आधीच लिहून ठेवलं असेल, तर त्या रकमेच्या आत वाजवी भरपाई मिळते. "वाजवी" या शब्दावर लक्ष द्या. एका खाड्याला महिन्याची फी जप्त, असं कुणी लिहिलं तर ते टिकणं कठीण. तासाचे निम्मे किंवा फार तर पूर्ण, हे टिकेल.

तोंडी ठरलेलंही कायद्यानं चालतं, फक्त सिद्ध करताना दमछाक होते. म्हणून निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि "मान्य" असं उत्तर घ्या. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम 63 नुसार असे संदेश प्रमाणपत्रासह पुराव्यात घेता येतात. पैसे मागायची मुदत साधारण 3 वर्षं.

आता कंपनीचं. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली "कामगार" नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 1988 साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात म्हटलं, तिथून ते दार आपल्यासाठी बंदच राहिलं. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता 2020 लागू झाली. तिच्यात गिग आणि प्लॅटफॉर्म कामगार (सुटी कामं करणारे आणि अ‍ॅपवरून काम मिळणारे) हे शब्द पहिल्यांदा केंद्राच्या कायद्यात आले. अ‍ॅप चालवणाऱ्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम अशा कामगारांच्या निधीत भरायची आहे, आणि ज्या कंपन्यांना हे लागू त्यांच्या यादीत व्यावसायिक सेवा पुरवणारे प्लॅटफॉर्मही आहेत. पण तो निधी विमा, आजारपण, म्हातारपण यांसाठी. रिकाम्या तासाचे 250 रुपये त्यातून येणार नाहीत. ते तुमच्या आणि कंपनीच्या करारातूनच यावे लागतील. मॅडम, तो करार तुम्ही वाचलाय का? त्यात "झालेल्या तासाचे" लिहिलंय की "ठरलेल्या तासाचे"?

गणिताची_वही | मंगळवार, दुपारी 2.20

वकील साहेब, आज वाचला. "पूर्ण झालेल्या तासांचे मानधन" असं आहे. सही करताना या दोन शब्दांत एवढा फरक असेल असं मनातही आलं नव्हतं.

आणि वाळूजच्या दादांचं खरं निघालं. काल दोन पालकांना फोन केला. दोघींनी आपापल्या अ‍ॅपचा फोटो पाठवला. डिसेंबरात निरोप न देता झालेले खाडे दोघींच्या पॅकेजमधून कापलेत. त्यातल्या एकीचे तीन होते. एकीनं तर मलाच विचारलं, मॅडम, तुमची वेळ फुकट गेली पण पैसे तरी मिळाले ना? मला उत्तर देता येईना.

गुरुजी_अंबाजोगाई (अंबाजोगाई) | मंगळवार, सायंकाळी 6.15

मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, 34 वर्षांची सेवा. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे, राग मानू नका.

आमच्या काळात पोरगं आलं नाही तर आम्ही त्याच्या दारात जायचो. गुरं वळायला गेलंय, धाकट्या भावाला सांभाळतंय, वही संपलीय, कारण कळायचं. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाड्याचे पुढारी झाले त्याआधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढं आमच्या गावात शिक्षक होते. शिकवणं ही या भागात कामाच्या आधी कळकळीची गोष्ट होती. आज खाडा झाला की पहिला प्रश्न पैशाचा निघतो, याचं मला वाईट वाटतं. आधी त्या लेकराचं काय झालं ते विचारा ना.

ट्यूशन_एरिया | मंगळवार, सायंकाळी 6.50

गुरुजी, तुमच्याबद्दल आदर ठेवूनच लिहितो. तुम्ही दारात जात होता तेव्हा महिन्याच्या एक तारखेला पगार जमा होत होता. पोरगं आलं तरी आणि नाही आलं तरी. या ताईंचं तसं नाही. पोरगं आलं नाही तर त्या दिवशी त्यांची मजुरी नाही. कळकळ आहे म्हणून तर त्या वर्षभर बोलल्या नाहीत.

गुरुजी_अंबाजोगाई | मंगळवार, रात्री 8.05

बरोबर आहे. पगाराचा भाग माझ्या ध्यानात आला नव्हता. पोटाची काळजी नव्हती म्हणून पायाला वेळ होता. ताई, पैसे मागा, संकोच करू नका. पण दारात जाणंही सोडू नका, एवढी विनंती राहू द्या.

परभणी_ते_न्यूजर्सी | बुधवार, पहाटे 5.10

मी मूळचा परभणीचा, सोळा वर्षं इकडं. ताई, ज्या मुलाचं तुम्ही लिहिलंय तो माझा नाही, पण माझीही मुलं भारतातल्या शिक्षकांकडं शिकतात, म्हणून लाज वाटली. इथं दाताच्या डॉक्टरकडं वेळ घेऊन गेलं नाही तर बिल येतं. मुलीची पियानोची शिक्षिका महिन्याचे पैसे आधी घेते, 24 तास आधी कळवलं तर वर्षातून ठराविक वेळा बदली तास देते, नाहीतर तास बुडाला. कुणी कुरकुर करत नाही. तीच माणसं भारतातल्या शिक्षकाचा तास मात्र आठवण राहिली नाही म्हणून सोडून देतात. परदेशी शिकवणीच्या साइट्सवरही असंच आहे. आयटॉकीवर 24 तास, प्रेप्लीवर 12 तास आधी रद्द केलं नाही तर विद्यार्थ्याचा तास धरला जातो, आणि विद्यार्थी आलाच नाही तर शिक्षकाला पैसे मिळतात.

आणखी एक. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इकडची घड्याळं एक तास पुढं जातात. आमचे सात तेव्हा तुमच्याकडं पहाटेचे साडेचार होतील. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेपाच. त्या आठवड्यात दरवर्षी गोंधळ होतो आणि शिक्षक बिचारा तासभर आधी नाहीतर नंतर बसतो. त्या दोन तारखा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि साडेचार झेपणार नसेल तर आत्ताच सांगून टाका.

गणिताची_वही | बुधवार, सकाळी 11.00

नोव्हेंबरात अगदी हेच झालं होतं. मी जुन्या सवयीनं साडेचारला बसले, पंधरा मिनिटं थांबून, नाराज होऊन उठले. तो मुलगा बरोबर साडेपाचला आला असणार. तेव्हा खाडा माझ्याच नावावर लागला होता आणि मला कारण आज कळलं.

सूर_पैठण (पैठण) | बुधवार, दुपारी 1.30

मी गायन शिकवते. महिन्याला आठ तास, फी महिन्याची, पाच तारखेच्या आत. एक तास बुडाला तर भरून देते, दुसरा बुडाला तर नाही. तासावर पैसे घेणं मी कधीच सोडून दिलं, सुखी आहे.

जालन्याचा_कोडर (जालना) | बुधवार, रात्री 9.40

मी अशाच प्रकारच्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होतो (शिकवणीची नव्हे, पण वेळ ठरवून घेण्याची). तिथलं बघितलंय म्हणून सांगतो. कोण किती वाजता आलं आणि गेलं याची नोंद सेकंदासकट सर्व्हरवर असते. म्हणजे तुम्ही 5.28 ला बसला होता हे कंपनीला सिद्ध करून दाखवायची गरज नाही, त्यांना ते माहीतच असतं. पॅकेजमधून तास कापणं आणि शिक्षकाच्या खात्यात रक्कम टाकणं, या दोन वेगळ्या सूचना असतात. पहिली लिहिली गेली आणि दुसरी नाही, तर ते चुकून घडत नाही. कुणीतरी ठरवलेलं असतं.

तुम्ही पत्र लिहाल तेव्हा "मला पैसे द्या" असं मोघम लिहू नका. तारीख, वेळ, तासाचा क्रमांक, आणि "हा तास विद्यार्थ्याच्या पॅकेजमधून वजा झाला आहे, सोबत पालकांनी दिलेला फोटो" असं एकेक तासाचं लिहा. सरसकट पत्राला तयार उत्तर येतं. तासागणिक लिहिलेलं पत्र कुणाला तरी उघडून बघावंच लागतं.

गणिताची_वही | पुढचा सोमवार, रात्री 10.15

सगळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. काय केलं ते सांगते.

कंपनीला पत्र पाठवलं, जालन्याच्या दादांनी सांगितलं तसं, एकेक तासाचं. फोटो होते त्या चार तासांचंच लिहिलं, अर्ध्या तासावर "नको" आलेले तीन सोडून दिले. पहिलं उत्तर दोन ओळींचं, "धोरणानुसार पूर्ण झालेल्या तासांचेच मानधन देय आहे." मग मी त्यांनीच वाळूजच्या दादांसारख्या पालकांना दिलेलं उत्तर उलट पाठवलं. माझ्या एका पालकांकडं तो निरोप जसाच्या तसा होता, "शिक्षकांचा वेळ गेला म्हणून तास धरला जात आहे." विचारलं की माझा वेळ म्हणून घेतलेले पैसे माझ्याकडं का येत नाहीत. शनिवारी कळवलंय की त्या चार तासांचे निम्मे देतील, 500 रुपये, आणि पुढचं "विचाराधीन" आहे. माझ्यासारख्या आणखी पाच शिक्षिका सापडल्यात, त्यातल्या दोघी आपल्याच मराठवाड्यातल्या. वकील साहेब, करारातला तो शब्द बदलून मागायचं पत्र सहा जणींच्या सह्यांनी पाठवणार आहोत. मसुदा तुम्हाला दाखवते.

माझ्या स्वतःच्या लेकरांच्या पालकांना काल हा निरोप गेला:

"नमस्कार. फेब्रुवारीपासून खाड्याचा नियम असा राहील. आदल्या रात्री नऊच्या आत कळवलं तर पैसे नाहीत, तास दुसऱ्या दिवशी भरून देईन. नऊनंतर कळवलं किंवा कळवलंच नाही तर तास धरला जाईल. लाईट, रेंज, आजारपण किंवा घरातली अडचण असेल तर निम्मेच, मग नऊनंतर कितीही उशिरा सांगितलं तरी. माझ्याकडून तास बुडाला तर तो मी भरून देईन आणि वर एक तास फुकट घेईन. येळवस, महालक्ष्म्या, 17 सप्टेंबर, पोळा या दिवशी तास नाहीत. फोन घरात एकच असेल तर वेळ ठरवतानाच सांगा."

नऊ ही वेळ मेसच्या काकूंमुळं आली. मी उदाहरणं रात्री जेवणं उरकल्यावर काढते, नऊ-सव्वानऊला. ती माझी कणीक.

एकवीस पालकांपैकी सतरांनी "मान्य" लिहिलंय. एका आईनं फोन केला, म्हणाली, निम्मे कशाला, पूर्ण घ्या, पण तेवढं महिनाअखेर करा, आमच्याकडं तेव्हा पैसे येतात. एकांनी शिकवणी बंद केली. तो मुलगा हुशार होता. त्याच्या घरी गुरुवारी जाऊन येणार आहे, गुरुजी, तुम्ही म्हणालात म्हणून.

बालाघाट | सोमवार, रात्री 10.40

ताई, ते फोनचं शेवटचं वाक्य लई बेस झालं. आमच्या पोराची जुनी शिकवणी सुटली. तुमच्याकडं जागा हाय का दहावीला? फेब्रुवारी-मार्चला परीक्षा हाय. पैसे सोयाबीनचे थोडे राहिलेत घरात, पण फोनचं तसंच हाय, एकच हाय.

गणिताची_वही | सोमवार, रात्री 10.47

जागा आहे, भाऊ. तुमच्याकडं लाईट या आठवड्यात दिवसाची आहे की रातची?

बालाघाट | सोमवार, रात्री 10.52

ह्या आठवड्यात रातची. पुढच्या सोमवारपासून दिवसाची, मग आठ दिवसांनी परत रातची.

गणिताची_वही | सोमवार, रात्री 10.58

मग दिवसाच्या लाईटीच्या आठवड्यात संध्याकाळी साडेसात. रातच्या लाईटीच्या आठवड्यात सकाळी सहा, तुम्ही रानातून आलात की फोन त्याच्या हातात द्या. लाईटीची पाळी मध्येच बदलली तर मला आदल्या रात्री नऊच्या आत सांगा. उद्या सकाळी सहाला त्याला बसवा, पाठ्यपुस्तकात कुठं अडलंय ते पान उघडून ठेवायला सांगा.